कपाटात पेलिकन, भिंतीवर पेलिकन

सतराव्या शतकातल्या युरोपात दाढ ठणकायला लागली की माणूस ज्याच्यासमोर तोंड उघडून बसे, त्याच्या हातात बहुधा पेलिकन असे. हा पेलिकन म्हणजे वीतभर लांबीचं एक अवजार. दांड्याच्या टोकाला अर्धगोल गादी आणि खिळीवर फिरणारा एक बाकदार आकडा. गादी बाहेरून हिरडीवर टेकवायची, आकडा दाढेच्या आतल्या अंगाला अडकवायचा आणि मूठ वळवायची. दाढ वर ओढली जात नसे, ती आडवी, गालाच्या दिशेने उखडली जाई. कधी शेजारची दाढ सोबत येई, कधी जबड्याचा कपचा. आकड्याचा बाक पेलिकन पक्ष्याच्या चोचीसारखा दिसतो म्हणून हे नाव पडलं, आणि चौदाव्या शतकापासून अठराव्यापर्यंत ते टिकलं.

जुन्या वैद्यकीय अवजारांचा संग्रह करणाऱ्यांना असा अस्सल पेलिकन मिळाला तर त्यांचं वर्ष सार्थकी लागतं. यातल्याच काही संग्राहकांच्या भिंतीवर वन्यप्राण्यांची हाताने केलेली छायाचित्रंही असतात, म्हणजे कागदाला स्वतः लेप देऊन, उन्हात छापून काढलेली. घरी येणाऱ्याला प्रश्न पडतो, की हे दोन छंद एका माणसात कसे आले? माझं म्हणणं असं की ते दोन नाहीतच. शल्यवैद्याची पेटी आणि प्राण्याचं छायाचित्र यांचं नातं फार जुनं आणि फार जवळचं आहे. ते शोधत गेलं की दर वळणावर तोंडात बोट घालायची वेळ येते.

सुरुवात आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेत शल्यकर्माची १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितली आहेत. त्या यंत्रांत स्वस्तिकयंत्रं नावाचा एक गट आहे. मधे खिळीने जोडलेल्या दोन भुजांचे हे सांडशीच्या घडणीचे चिमटे २४ प्रकारचे, आणि त्यांची तोंडं पशुपक्ष्यांच्या तोंडांवरून घडवलेली. सिंहमुख आहे, व्याघ्रमुख आहे, अस्वलाचं आहे, मांजराचं आहे, कावळ्याचं आहे. हाडात रुतलेलं शल्य उपटायला सिंहाच्या जबड्याची पकड हवी आणि खोल, अरुंद जखमेत शिरायला पक्ष्याची लांब चोच हवी, इतका साधा आणि अचूक विचार त्यामागे आहे. सगळ्यांत श्रेष्ठ मानलं आहे ते कंकमुख, बगळ्याच्या कुळातल्या पक्ष्याची चोच. कारणही तिथेच दिलंय: ते सहज आत जातं, घट्ट धरतं आणि धरलेलं घेऊन सहज बाहेर येतं. पाण्यात निश्चल उभा राहून मासा टिपणारा बगळा ज्याने तासन्‌तास पाहिला असेल, त्यालाच हे सुचू शकतं. मला सुश्रुताच्या परंपरेतले हे वैद्य पहिल्या प्रतीचे वन्यजीव निरीक्षक वाटतात.

पुढे सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रवाझ पारे याने पाय कापल्यावर रक्तवाहिनी तापल्या लोखंडाने डागण्याऐवजी दोऱ्याने बांधायला सुरुवात केली. वाहिनीचं टोक पकडायला त्याने वापरलेला चिमटा ‘कावळ्याची चोच’ म्हणून ओळखला जाई. आजही कानातला खडा काढणारा डॉक्टर ‘क्रोकोडाइल फोर्सेप्स’ मागतो आणि बारीक रक्तवाहिनी चिमटणारा सर्जन ‘मॉस्किटो’ मागतो.

आकार झाले, आता साहित्य पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली चांगली शस्त्रक्रियेची पेटी उघडली की निम्मं जंगल आणि बराचसा समुद्र आत सापडतो. करवतीची मूठ आबनुसाची किंवा हस्तिदंताची. शीर उघडायचं छोटं नस्तर समुद्री कासवाच्या कवचाच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये घडी होऊन बसलेलं. त्याची डबी शार्क किंवा पाकट माशाच्या खरखरीत कातड्याने मढवलेली. घशात अडकलेला घास खाली लोटायची लवचिक काठी देवमाशाच्या तोंडातल्या झालरीच्या पट्टीची, टोकाला स्पंज. टाके घालायला मेंढीच्या आतड्याची तार.

आणि जिवंत जळवा. दूषित रक्त काढलं की बरं वाटतं या समजुतीने एकोणिसाव्या शतकात युरोपला इतकं झपाटलं होतं की १८३३ या एका वर्षात फ्रान्सने ४ कोटींहून अधिक जळवा आयात केल्या. दलदली उपसल्या गेल्या आणि औषधी जळू युरोपातून दिसेनाशी होऊ लागली. या तुटवड्याच्या काळात यांत्रिक जळवाही निघाल्या. पण रक्त काढायच्या यंत्रांत संग्राहकांचा खरा जीव असतो तो त्याआधीपासून चालत आलेल्या ‘स्कॅरिफिकेटर’वर. मुठीत मावणारी पितळेची डबी, वजनाला चांगलीच जड. तळाला समांतर खाचा. वरची तरफ ओढली की आत स्प्रिंग ताणली जाते. बाजूची कळ दाबली की बारा किंवा सोळा पाती खाचांतून बाहेर येऊन अर्धवर्तुळात फिरतात आणि परत आत जातात, इतक्या झटक्यात की डोळ्याला फक्त चमक दिसते. पाती किती खोल जावीत ते वरच्या स्क्रूने ठरवायचं. उत्तम बनावटीत निम्मी पाती एका दिशेला फिरतात आणि निम्मी उलट दिशेला, कातडी ओढली जाऊ नये म्हणून. ज्या उपचाराने पुष्कळांचं नुकसानच केलं, त्याच्या यंत्रात घडवणाऱ्याने एवढी काळजी ओतली आहे, हे पाहताना मन गलबलतं. चिरांवर मग काचेचे पेले लावून रक्त ओढायचं, म्हणजे आपल्याकडची तुंबडीच. सुश्रुताने त्यासाठी गाईचं शिंग, जळू आणि भोपळा हे तीन मार्ग सांगितले होते.

हे सगळं प्राणिज वैभव एका विचारामुळे संपलं. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर याने कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत मांडली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत अवजारं उकळणं, वाफवणं सुरू झालं. वाफेत हस्तिदंताला भेगा पडतात, आबनूस तडकतो, सरस विरघळतो. म्हणून अवजारं नखशिखांत धातूची झाली, गुळगुळीत, खाचाखोचा नसलेली. आज एखादी करवत हातात आली की संग्राहक आधी मूठ पाहतो. नक्षी कोरलेली लाकडी मूठ दिसली तर ती घडण जंतूंचा शोध लागण्याआधीच्या जगातली. भारतात मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी: हस्तिदंताची आणि समुद्री कासवाच्या कवचाची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग वस्तू कितीही जुनी असो. मला तो कायदा योग्यच वाटतो.

आता नाडी. शार्ङ्गधरसंहितेत नाडीचं वर्णन प्राण्यांच्या चालीवरून केलं आहे. वात वाढला की नाडी जळूसारखी, सापासारखी वळवळत चालते. पित्त वाढलं की कावळ्यासारखी, बेडकासारखी उड्या मारते. कफ वाढला की हंसाच्या, पारव्याच्या संथ डौलाने चालते. वैद्याच्या तीन बोटांखाली अख्खं रान चालत असे. पण ते त्याच्या बोटांनाच कळे, दुसऱ्याला दाखवायची सोय नव्हती.

ती सोय एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने केली. १८६० मध्ये त्याने ‘स्फिग्मोग्राफ’ बनवला. मनगटावर बांधायच्या या यंत्रात एक स्प्रिंग नाडीवर टेकते, नाडीची इवलीशी उसळी एक लांब, हलकी तरफ कित्येक पटींनी मोठी करते आणि तरफेचं टोक काजळी धरलेल्या कागदाच्या सरकत्या पट्टीवर रेघ ओढतं. काजळी खरवडून कागदाची पांढरी रेघ उमटते. मग पट्टी लाखेच्या रोगणात बुडवून वाळवायची, म्हणजे काजळी पुसली जात नाही. १८८१ च्या सुमारास लंडनच्या डॉ. डजन यांनी त्याची खिशात मावणारी आवृत्ती काढली. संग्राहकांना बहुतेक वेळा सापडते ती हीच. पेटीत कधीकधी एखादी जुनी पट्टीही असते. काळ्या मखमली पार्श्वभूमीवर बारीक पांढरी रेघ, चढ तीव्र, उतार मंद, उतारावर एक छोटी पायरी. ही पायरी हृदयाची झडप मिटल्याची खूण. कुणा अनाम माणसाच्या हृदयाचे काही सेकंद, आणि त्याची जगात एकच प्रत!

या यंत्राशी एका भारतीय वंशाच्या डॉक्टरचं नाव जोडलेलं आहे. पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या सेक दीन महंमदचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये होता. विद्यार्थिदशेतच त्याने स्फिग्मोग्राफमध्ये सुधारणा केली. मूत्रपिंडं ठणठणीत असलेल्या माणसालाही रक्तदाबाचा विकार असू शकतो, हे त्याने या रेघा वाचून सांगितलं. वयाच्या ३५ व्या वर्षी, १८८४ मध्ये तो गेला. आज ज्यांच्या घरात रक्तदाबाची गोळी आहे, त्यांनी हे नाव ठाऊक करून घ्यावं असं मला वाटतं.

मारेचं कुतूहल मात्र नाडीवर थांबलं नाही. जे डोळ्याला दिसत नाही ते कागदावर उतरवायचं, ही त्याची ओढ होती. मनगटावरून तो घोड्याच्या टापांकडे वळला आणि तिथून पक्ष्यांच्या पंखांकडे. १८८२ मध्ये त्याने एक बंदूक बनवली. दस्ता खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा, आणि नळीतल्या भिंगामागे काचेची चकती टप्प्याटप्प्याने फिरून सेकंदाला १२ छायाचित्रं टिपत असे, प्रत्येक एक सातशेविसांश सेकंदात. समुद्रपक्ष्यांवर त्याने ही बंदूक रोखली. त्यानंतर लगेच त्याने एकाच स्थिर काचेवर ओळीने प्रतिमा घेण्याची पद्धत बसवली आणि काढला तो उतरता पेलिकन. एकाच पक्ष्याच्या अनेक आकृती एकमेकींवर चढलेल्या, पंख वर, पंख आडवे, पंख पुढे ओढलेले, पाय लोंबायला लागलेले. स्फिग्मोग्राफच्या रेघेत जे नाडीचं झालं, तेच इथे पंखाचं झालं आहे. माझ्या मते वन्यजीव छायाचित्रणाच्या पहिल्या थोर चित्रांत याची गणना व्हायला हवी. ते काढणारा माणूस वैद्यकातून आलेला होता.

तो एकटा नव्हता. छायाचित्रणाचा कारखानाच मुळी औषधांच्या दुकानात उभा राहिला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये ईथर हुंगवून जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि भूलशास्त्राची सुरुवात झाली. त्याच ईथरमध्ये आणि अल्कोहोलमध्ये बंदुकीचा कापूस विरघळवला की होतं कलोडियन. ते जखमेवर ओतलं की चिकट पारदर्शक पापुद्रा तयार होतो, म्हणून पुढच्या एक-दोन वर्षांतच डॉक्टर ते मलमपट्टीसारखं वापरू लागले. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने तेच कलोडियन काचेवर ओतलं, चांदीच्या क्षारात बुडवलं आणि ओलं असतानाच छायाचित्र काढलं. चांदीचा तो क्षार, सिल्व्हर नायट्रेट, डॉक्टर चामखीळ जाळायला वापरत. १८८० पासून लाइपझिगचे डॉ. क्रेडे त्याचा सौम्य थेंब नवजात बाळांच्या डोळ्यांत घालू लागले आणि असंख्य मुलांची दृष्टी वाचली.

ओल्या काचेची अडचण अशी की ती पाच-दहा मिनिटांत वापरावी लागे, म्हणजे अंधारखोली पाठीवर घेऊन हिंडायचं. जंगलात ते कसं जमणार? शिवाय ईथरची वाफ डोक्यात जाई. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरला सूक्ष्मदर्शकातली चित्रं काढायचा नाद होता आणि ही वाफ त्याच्या प्रकृतीला सोसेना. १८७१ मध्ये त्याने कलोडियनच्या जागी जिलेटिन वापरून पाहिलं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासूनचं, वैद्यकात रुळलेलं. त्यातून कोरडी काच आली. ती आधी बनवून ठेवता येते, वाहून नेता येते आणि पुढे तिचा वेगही पुष्कळ वाढला. हे झालं म्हणूनच अमेरिकेत जॉर्ज शिरास रात्री होडीतून हरणांवर प्रकाशाचा झोत टाकून छायाचित्रं घेऊ शकला. म्हणूनच आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन जंगलातल्या पायवाटेवर तार बांधून वाघाकडूनच वाघाचं छायाचित्र काढवू शकले. त्यांचं पुस्तक १९२७ मध्ये आलं.

या जिलेटिनची एक गोष्ट मला विलक्षण वाटते. काही जिलेटिनच्या काचा भलत्याच तल्लख निघत आणि काही मंद, आणि कारण सापडत नव्हतं. कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्ड याने १९२५ मध्ये ते शोधलं: जनावरांच्या चाऱ्यात आलेल्या मोहरीच्या जातीच्या झाडांतला गंधकयुक्त अंश कातड्यात उतरत होता, आणि तोच चांदीच्या कणांना प्रकाशाबद्दल संवेदनशील करत होता. गाईने काय खाल्लं यावर चित्र उमटणार की नाही ते ठरत होतं!

काच झाली, आता कागद. हाताने केलेलं छायाचित्र ओळखायला दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. एकोणिसाव्या शतकातला सर्रास कागद म्हणजे अल्ब्युमेन, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप. जर्मनीत ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात रोज ६०,००० अंडी यासाठी फुटत. भिंगाखाली त्याच्या पातळ लेपामधून कागदाचे तंतू दिसतात, बारीक भेगांचं जाळं दिसतं आणि उजळ भाग पिवळसर पडलेले असतात. कागद इतका पातळ की सुटा ठेवला तर गुंडाळी होते, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवलेला. जिलेटिनच्या नेहमीच्या कागदावर लेपाखाली बॅराइटाचा पांढरा थर असल्यामुळे तंतू दिसतच नाहीत. आणि प्लॅटिनमच्या छायाचित्रात लेपच नसतो. धातूचे कण थेट तंतूंत मुरलेले, काळा रंग मऊ, चमक अजिबात नाही. हत्तीच्या कातडीच्या सुरकुत्या किंवा घुबडाच्या पिसांवरची पावडर दाखवावी तर प्लॅटिनमनेच, असं माझं ठाम मत आहे. असं छायाचित्र वर्षानुवर्षं दुसऱ्या कागदाला टेकून राहिलं की त्या समोरच्या कागदावर त्याची फिकट पिवळी उलटी प्रतिमा उमटते, कारण प्लॅटिनम शेजारच्या कागदाची झीज घडवून आणतं. जुना अल्बम उघडताना समोरच्या कोऱ्या पानावर अशी सावली दिसली, तर हातात काय आहे ते कळतं. हेच प्लॅटिनम १९७८ पासून सिस्प्लॅटिनच्या रूपाने कर्करोगाच्या रुग्णांच्या शिरेतून जातं आहे.

निळ्या सायनोटाइपचं तसंच. १८४२ मध्ये जॉन हर्शेलने शोधलेल्या या पद्धतीतलं एक रसायन, लोह आणि अमोनियाचं सायट्रेट, त्या काळी रक्तवाढीचं टॉनिक म्हणून दिलं जाई. दोन द्रावणं मिसळून कागदावर ब्रशने लावायची, अंधारात वाळवायची, वर पान किंवा पीस ठेवून उन्हात ठेवायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्लिश वनस्पती-अभ्यासक बाईंनी १८४३ पासून याच रीतीने समुद्री शेवाळांच्या छापांचं पुस्तक काढलं. धुतल्यावर उमटणारा निळा रंग म्हणजे प्रशियन ब्लू. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानियात किरणोत्सारी सीझियम लोकांच्या हाती पडलं, तेव्हा ते शरीरातून बाहेर काढायला रुग्णांना हाच निळा रंग औषध म्हणून दिला गेला. अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत तो आजही आहे.

लंडनच्या बरोज वेलकम कंपनीने तर हे नातं एकाच डबीत बंद केलं. ‘टॅब्लॉइड’ या तिच्या व्यापारी नावाखाली औषधाच्या गोळ्याही मिळत आणि छायाचित्र धुण्याच्या रसायनांच्या गोळ्याही. आणि त्या कंपनीचा मालक हेन्री वेलकम हा जगातला सर्वांत मोठा वैद्यकीय वस्तूंचा संग्राहक ठरला. त्याच्या संग्रहात दहा लाखांहून अधिक वस्तू होत्या.

मुंबईतही अगदी हेच घडत होतं. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड या सोसायटीत होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तर स्वतः नावाजलेले छायाचित्रकार होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकी दोघे भारतीय: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही डॉक्टर! उरलेल्यांतही आणखी दोन डॉक्टर होते. नाडी पाहणारी माणसं पक्षी पाहायला एकत्र आली होती.

त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १२ ऑगस्टला, अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात जगातली शेवटची क्वागा मेली होती. क्वागा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला, पुढून झेब्र्यासारखा पट्टेरी आणि मागून घोड्यासारखा तपकिरी प्राणी. ती शेवटची होती हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. जिवंत क्वागाचं छायाचित्र फक्त एकाच मादीचं निघालं, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८६३ ते १८७० च्या दरम्यान, फ्रँक हेस आणि फ्रेडरिक यॉर्क यांच्या हातून. अशी पाचच छायाचित्रं आज माहीत आहेत. मानेवरचे ठळक पट्टे पोटाकडे येता येता विरघळत जातात, पाय पांढरे, कान टवकारलेले. चित्रकारांनी काढलेल्या क्वागा कमी-जास्त पट्ट्यांच्या आहेत. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या या एका मादीबद्दल मात्र वाद नाही.

१८८३ नंतर शंभर वर्षांनी विज्ञान तिच्या वाटेवर आलं. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या क्वागाच्या कातड्याला चिकटून राहिलेला वाळका स्नायू घेतला आणि त्यातून डीएनए वेगळा केला. १९८४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. नामशेष झालेल्या प्राण्याचा डीएनए वाचला गेल्याची ती पहिली वेळ. पुढच्या अभ्यासांतून ठरलं की क्वागा ही मैदानी झेब्र्याचीच पोटजात होती. त्या आधारावर राइनहोल्ड राव या प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या कसबी माणसाने १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कमी पट्ट्यांचे झेब्रे निवडून त्यांची पैदास सुरू केली. पिढ्यांमागून पिढ्या पाठीमागचे पट्टे फिके होत गेले आहेत, आणि आज तिथल्या काही शिंगरांच्या मांड्यांवर पट्टे जवळजवळ उरलेले नाहीत.